आबांचा चहा आणि नूतनीकरणाचे गुण

न्यूरो वॉर्डातल्या सिस्टर मला ‘स्पीचवाल्या मॅडम’ म्हणतात, पेशंटचे नातेवाईक ‘बोलायला शिकवणाऱ्या बाई’. दोन्ही चालतं. फक्त अर्धांगवायूच्या पेशंटपाशी मला पहिल्यांदा बोलावतात ते बहुतेक वेळा बोलण्यासाठी नसतंच, गिळण्यासाठी असतं. चमचाभर पाणी पाजायचं, गळ्यावर बोटं ठेवून कंठमणी नीट वर उचलला जातोय का बघायचं, गिळून झाल्यावर ‘आ’ म्हणायला लावून आवाज ओलसर, घरघरता येतोय का ऐकायचं. शेजारी उभा असलेला मुलगा थोडा वेळ सहन करतो आणि मग विचारतो, “मॅडम, बोलण्याचं कधी सुरू करणार?”

जीभ, टाळू, घसा, स्वरयंत्र ही बोलायची सामग्री आणि गिळायचीही तीच. झटक्याने तिचं वेळापत्रक बिघडलं की पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरतं. ठसका लागला तर निदान कळतं तरी. काही पेशंटांना ठसकाच लागत नाही. पाणी गुपचूप फुप्फुसात उतरतं, मग ताप येतो, मग न्यूमोनिया. याला सायलेंट अ‍ॅस्पिरेशन म्हणतात आणि खाटेशेजारच्या तपासणीत ते निसटू शकतं.

मी लिहिणार आहे ते आबांबद्दल. घरच्यांना आधी वाचून दाखवलंय आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात. ज्या वर्षी आबा माझ्याकडे आले त्याच वर्षी माझी नोंदणी नूतनीकरणाला आली होती. एरवी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध लागला नसता.

आधी नोंदणीचं सांगते, कारण आमच्या क्षेत्राबाहेर ते फारसं कुणाला माहीत नसतं. डॉक्टरांना जशी मेडिकल कौन्सिल, तशी आम्हाला भारतीय पुनर्वसन परिषद. आम्ही सगळे आरसीआयच म्हणतो. १९९२च्या कायद्याने ती उभी राहिली. त्या कायद्याच्या यादीत पुनर्वसनातल्या व्यावसायिकांचे वेगवेगळे प्रकार आहेत आणि पहिलाच क्रमांक ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांचा. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना प्रॅक्टिस केली तर शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये. गल्लोगल्ली ‘नव्वद दिवसांत बोलू लागेल’ असे फलक लावून बसलेल्यांना हा दंड चहापाण्याच्या खर्चात मोडणारा आहे. १९९२ साली हजाराला काही किंमत असेल, आज नाही.

दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं आणि त्यासाठी मधल्या काळात सीआरईचे ठरलेले गुण जमवायचे. सीआरई म्हणजे सतत पुनर्वसन शिक्षण: परिषदेने मान्यता दिलेली व्याख्यानं, कार्यशाळा. कल्पना उत्तम आहे. कॉलेजात शिकलेल्यावर चाळीस वर्षं काढणाऱ्या माणसाकडे आपलं मूल न्यायला कुणालाही आवडणार नाही. व्यवहारात मात्र शेवटच्या वर्षी धावपळ होते. कोविडनंतर ऑनलाइन कार्यक्रमांची सोय झाली. ज्यांना मुंबई-पुणे परवडत नाही अशा आमच्यासारख्यांना ती वरदानच ठरली. पण त्यातल्या काहींचं रूप असं असतं की वक्ते स्लाइड वाचून दाखवतायत, सगळ्यांचे कॅमेरे बंद, आणि चॅटमध्ये ओळीने ‘गुड मॉर्निंग सर’ आणि त्याखाली प्रत्येकाचा सीआरआर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक. हजेरी लागली, गुण मिळाले. मीही अशा कार्यक्रमांना बसून भाजी निवडलेली आहे. त्याची मला लाजबिज काही वाटत नाही. ज्या विषयाचं मला काम पडत नाही त्यावरची स्लाइड वाचून दाखवणाऱ्याला त्याहून जास्त लक्ष देणं लागत नाही.

त्या वर्षी गुण कमी पडत होते म्हणून एका प्रत्यक्ष कार्यशाळेला नाव घातलं. विषय गिळण्याच्या विकारांचा, म्हणजे डिस्फेजियाचा. सकाळी आत गेल्या गेल्या प्रत्येकीच्या हातात एक कागदी पेला दिला. त्यात घट्ट केलेलं पाणी. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “जेवणाच्या सुट्टीपर्यंत तुम्हाला दुसरं पाणी नाही. तहान लागली तर हेच.”

मी पेशंटांना वर्षानुवर्षं ‘पाणी घट्ट करून द्या’ म्हणून सांगत आलेय. चव घेऊन पाहिलेलीही होती. पण चव घेणं वेगळं आणि तहान भागवायला तेच पिणं वेगळं. ते पाणी जिभेवरून हलत नाही, घशात एक पापुद्रा ठेवून जातं आणि प्यायल्यावरही तहान तशीच. अकराच्या सुमाराला हॉलमधल्या निम्म्या जणींनी पेले खुर्चीखाली सरकवले होते. बाई फिरून सगळ्यांचे पेले बघत होत्या आणि फळ्यावर लिहीत होत्या: एवढं उरलं, एवढं उरलं. मग म्हणाल्या, “तुमच्या पेशंटच्या फाइलमध्ये आपण काय लिहितो? ‘सूचनांचं पालन करत नाही.’”

दिवसभर त्यांनी जे शिकवलं त्याचा गाभा असा. पातळ पदार्थ घट्ट केला की तो हळू सरकतो आणि श्वासनलिकेत जाण्याचं प्रमाण घटतं, हे खरं. पण त्यामुळे न्यूमोनिया टळतोच असा भक्कम पुरावा नाही, आणि माणूस पाणीच कमी प्यायला लागला तर शरीर कोरडं पडतं, लघवी कमी होते, बद्धकोष्ठ होतो, गोंधळलेपणा वाढतो. सुसान लँगमोर यांचा १९९८चा अभ्यास त्यांनी उलगडून दाखवला. दुर्बिणीतून गिळणं तपासण्याची पद्धत दहा वर्षं आधी मांडणाऱ्या त्याच या लँगमोर. न्यूमोनिया कुणाला होतो हे पाहिलं तर नुसतं गिळणं बिघडणं पुरेसं ठरत नाही. ज्याला दुसऱ्याने भरवावं लागतं, ज्याच्या तोंडाची स्वच्छता दुसऱ्यावर अवलंबून असते, ज्याचे दात किडलेत, त्याला धोका जास्त. थोडक्यात, पोटात काय जातं याच्याइतकंच तोंडात आधीपासून काय आहे हे महत्त्वाचं. अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या फ्रेझर पुनर्वसन केंद्राने तर १९८४पासूनच, जेवणाच्या मधल्या वेळात, तोंड स्वच्छ करून, साधं पाणी पिऊ देण्याची पद्धत सुरू केली होती.

या कार्यशाळेचे जेवढे गुण मिळाले तेवढेच भाजी निवडत ऐकलेल्या दिवसाचेही मिळाले होते. गुण तासांवर मोजले जातात. दुसरं काही मोजता येणं अवघड आहे हेही मला कबूल आहे.

आता आबा. एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. मेंदूच्या डाव्या बाजूला मोठा झटका. उजवा हात-पाय गेलेला आणि वाचा गेलेली. गेलेली म्हणजे पूर्ण नाही. एक शब्द शिल्लक होता: “सरका.” डॉक्टर आले की “सरका”, सिस्टरने इंजेक्शन दिलं की “सरका”, नातू आला की गालातल्या गालात हसत “सरका, सरका”. अफेझियाच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरवलेल्या, काही पेशंटांत असा एखादाच शब्द पुन्हा पुन्हा उमटत राहतो. पेशंट तो ठरवून उच्चारत नाही आणि त्याचा अर्थही त्याला अभिप्रेत नसतो. घरच्यांना मात्र वाटत होतं की आबांचं डोकंच फिरलंय, एसटीतच आहेत अजून.

ईएनटीच्या सरांनी नाकातून दुर्बीण घालून बघितलं, मी शेजारी उभी होते. पातळ पाणी थोडं आत उतरत होतं. ठसका येत होता, पण लेचापेचा. घट्ट केलेलं आत उतरत नव्हतं, मात्र घशाच्या खळग्यात साचून राहत होतं. मऊ अन्न ठीक. आम्ही ठरवलं ते पुस्तकाप्रमाणे: मऊ, बारीक केलेलं अन्न आणि द्रव पदार्थ घट्ट करून.

मावशी, म्हणजे आबांच्या मंडळी, आणि सूनबाई दोघी हुशार. मेडिकलमधली पावडर महाग पडते म्हणून घरचं काय चालेल ते बघायला त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या राहून आम्ही इंजेक्शनच्या सिरिंजने मोजमाप केलं. आयडीडीएसआय नावाची जगभर वापरली जाणारी एक मोजपट्टी आहे, शून्य ते सात पातळ्यांची, आणि तिची द्रवांसाठीची चाचणी कुणालाही करता येते. सुईशिवायची ठरावीक मापाची दहा मिलीची सिरिंज घ्यायची, खालच्या तोंडाला बोट लावून ती भरायची, बोट काढून दहा सेकंद सोडून द्यायचं आणि किती उरलं ते बघायचं. एक ते चार मिली उरलं तर पहिली पातळी, चार ते आठ दुसरी, आठच्या वर तिसरी. नाचणीची आंबील निवली की पातळी बदलत होती. तांदळाची पेज गाळून घेतली की एकदम पातळ. कॉर्नफ्लॉवर लावलेला चहा सिरिंजमध्ये छान टिकायचा, पण स्टार्चवरचं घट्टपण लाळेने मोडतं, म्हणून पेल्यात उष्टा चमचा परत बुडाला की तो पातळ व्हायला लागायचा. सूनबाईंनी हे सगळं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून भिंतीला लावलं.

आबांनी चहाचा पहिला चमचा घेतला, माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटले. एकदा मिटले ते मिटलेच. दुपारी पाणी, तेही नाही. आंबील थोडी. पुढच्या काही दिवसांत लघवी गडद झाली, तोंड सुकलं, दिवसभर झोप. मुलगा वैतागला. त्याचं म्हणणं दोनच वाक्यांत होतं: “नाकातून नळी घाला. त्यांना काय विचारायचं, कळतंय का त्यांना?”

कळतंय का, हा प्रश्न मात्र थेट माझ्या कामाचा होता. आपल्याकडे बोलता न येणारा माणूस आणि न समजणारा माणूस एकच धरतात. डॉक्टरही कधीकधी धरतात. संमती घ्यायची तर मुलाची, सही घ्यायची तर मुलाची. सर्वोच्च न्यायालयाने २००८च्या समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलंय की सज्ञान, समजू शकणाऱ्या पेशंटच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती संमती होत नाही. तिथे आई होती, आणि पेशंट भुलीखाली होती. तरीही नाही. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आबांना लागू होत नाही, पण त्यात निर्णयक्षमतेचं वर्णन केलंय ते मला उपयोगी पडलं: माहिती समजणं, परिणामांची कल्पना असणं, आणि निर्णय कळवता येणं, बोलून, हावभावाने, खुणेने किंवा आणखी कशानेही. बोलणं हे त्यात कळवण्याच्या अनेक मार्गांपैकी एक आहे, एवढंच.

तर आबांना विचारायचं ठरलं. अफेझियाच्या माणसाला विचारणं ही वेगळी कामगिरी आहे. टोरांटोच्या अफेझिया इन्स्टिट्यूटच्या ऑरा कॅगन यांनी तिची पद्धत बांधलेली आहे आणि आम्हाला ती शिकवतात. पण ती परीक्षेत लिहिणं सोपं असतं. सकाळची वेळ धरली, कारण संध्याकाळी आबा थकलेले असत. चष्मा पुसून लावला. टीव्ही बंद. मुलाला बाहेर बसायला सांगितलं, मावशी आत. चित्रांची कार्डं केली होती, पण बाजारातली नाही. त्यांचीच कपबशी, त्यांचीच वाटी-चमचा यांचे फोटो. एकावर नाकातली नळी. एकावर छातीवर हात ठेवलेला माणूस आणि हॉस्पिटलची खाट. प्रत्येकाखाली मोठ्या अक्षरात एकच शब्द. डाव्या मेंदूच्या झटक्यात उजवीकडचं दिसणं बऱ्याचदा जातं, म्हणून कार्डं आडवी मांडली नाहीत. छातीसमोर, थोडी डावीकडे, वरून खाली उभी मांडली.

आधी हो-नाहीची खात्री. हे केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नसतो, कारण कित्येक पेशंट आपण नको दुखावायला म्हणून प्रत्येक गोष्टीला मान डोलवतात. “ही सांगली ना?” मान हलली. “तुम्ही रेल्वेत होता ना?” आबांनी डावा हात असा झटकला की कार्डं खाली पडली. “सरका!” मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. रेल्वेत म्हटलेलं एसटीच्या माणसाला चालणार नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग एकेक करून सांगितलं. घट्ट चहा: छातीत कमी जातो. साधा चहा: थोडा छातीत जाऊ शकतो, ताप येऊ शकतो, हॉस्पिटल, आणि कधीकधी माणूस त्यातून उठत नाही. ते शेवटचं वाक्य गाळावं असं मावशींना वाटत होतं. मी गाळलं नाही. वाईट बातमी लपवून घेतलेला होकार आबांच्या नावावर लावायचा नव्हता. मग प्रश्न उलटा फिरवला: “म्हणजे साधा चहा घेतला तर काहीच होणार नाही, बरोबर?” आबांनी मान आडवी हलवली, छातीवर हात ठेवला आणि खाटेच्या कार्डावर बोट टेकवलं. “मग काय द्यायचं?” कपबशीचं कार्ड उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. नळीचं कार्ड त्यांनी पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी कार्डांची क्रमवारी बदलून, प्रश्न फिरवून तेच पुन्हा. तेच उत्तर. आबांना कळत होतं. त्यांना धोका हवा होता असं नाही, त्यांना तो घट्ट चहा नको होता.

आमच्या व्यवसायात इथे दोन सोप्या वाटा असतात. एक, ‘पेशंट आणि नातेवाईक ऐकत नाहीत’ असं लिहून केस बंद करायची. दुसरी, नळी. दोन्हींत थेरपिस्ट सुरक्षित राहते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट्सने २०२१मध्ये, धोका माहीत असून खाण्यापिण्याचा निर्णय घेणाऱ्या पेशंटांबद्दल मार्गदर्शन काढलंय. त्यातला मला पटलेला मुद्दा हा की अशा पेशंटचं काम त्या निर्णयापाशी संपत नाही. उलट धोका कमीत कमी कसा होईल, हे बघण्याचं काम तिथून पुढे असतं.

तेच केलं. सकाळचा आणि दुपारचा चहा साधा, बाकीचे द्रव पदार्थ सौम्य घट्ट. चहाआधी दात घासून, जीभ पुसून, चूळ नीट बाहेर. गोळ्या चहाबरोबर अजिबात नाहीत, त्या केळ्याच्या कुस्करात. खाटेवर रेलून नाही, खुर्चीत ताठ. चहा मोठ्या पेल्यात नाही, बशीतून फुर्र करून ओढणं तर अजिबात नाही. त्यावर बराच वाद झाला, कारण आबांच्या हिशेबी बशी नसेल तर तो चहाच नव्हे. शेवटी लहान कपावर तडजोड झाली. आणि कप त्यांच्याच डाव्या हातात. भरवणं बंद. सूनबाईंना वाटलं, सांडतील. सांडू दे. स्वतः पिणारा माणूस घोट स्वतःच्या श्वासाला धरून घेतो. लँगमोरबाईंच्या त्या यादीतही भरवावं लागणं फार वरचं होतं.

न्यूरोच्या सरांशी आधीच बोलले होते. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, “लिहून काढा, मी सही करतो.” हॉस्पिटलच्या ऑफिसशी मात्र जमायला वेळ लागला. त्यांच्याकडे एकच छापील फॉर्म होता, इंग्रजीत: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर, खाली नातेवाइकाची सही. तो भरला की आबा ‘सल्ला न मानणारे’ ठरणार आणि पुढच्या वेळी ताप आला तर ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हणायला सगळे मोकळे. मी म्हटलं, आम्ही सल्ल्याविरुद्ध काही करत नाहीयोत, हाच आमचा सल्ला आहे. ऑफिसातल्या साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी फॉर्मच्या चौकटी खोडायला सांगतेय. मग एनएबीएचचा, म्हणजे हॉस्पिटलांच्या दर्जाच्या मानांकनाचा, विषय काढला. त्या मानांकनात संमती पेशंटला समजणाऱ्या भाषेत हवी असं आहेच. मानांकनाची तपासणी तोंडावर आलेली. त्या एका शब्दाने जे झालं ते माझ्या तासाभराच्या युक्तिवादाने झालं नव्हतं.

मराठीत एक पान लिहिलं. पेशंटला काय समजावलं, कशा पद्धतीने, हो-नाहीची खात्री कशी केली, त्यांनी काय निवडलं, कोणती काळजी घ्यायची, कोणती लक्षणं दिसली तर फोन करायचा, आणि हा निर्णय पेशंट केव्हाही बदलू शकतो. खाली सरांची, माझी, मावशींची सही आणि सर्वांत वर आबांची, डाव्या हाताने. एक वेलांटी आणि बरीच रेघ. मुलगा पान वाचून म्हणाला, “याच्यात माझी सही कुठं नाही.” मी म्हटलं, “साक्षीदार म्हणून करा.” त्याने केली नाही. नंतर केली.

पावसाळा संपता संपता आबांना ताप आला. चार-पाच दिवस भरती, अँटिबायोटिक. चहानेच झालं असेल का? असेल. घशात साचलेल्या आंबिलीनेही झालं असेल. मुलाचा फोन आला तेव्हा आवाज चढलेला होता, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. डिस्चार्जनंतर पुन्हा कार्डं काढली. या वेळी आबांनी दुपारच्या चहाचं कार्ड स्वतःहून बाजूला केलं आणि सकाळचं ठेवलं. ‘निर्णय बदलू शकतो’ हे वाक्य मी त्या पानावर लिहिलं होतं ते जवळजवळ नियम म्हणून. ते असं वापरलं जाईल असं डोक्यात नव्हतं.

दरम्यान नूतनीकरण झालं. पोर्टल एकदा बंद, एकदा पैसे कापले पण पावती नाही, एका कार्यक्रमाचे गुण चढलेच नव्हते, ईमेल, पुन्हा ईमेल. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही. सगळ्यांचंच असं होतं.

सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजीतल्या आम्ही काही जणी अधूनमधून भेटतो. प्रत्येक वेळी एकीने एक केस मांडायची, नाव-गाव न सांगता. याला गुण मिळत नाहीत. गुण मिळायला कार्यक्रमाला परिषदेची मंजुरी लागते आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या बैठकीला ती कोण देणार? मी आबांची केस मांडली. मला वाटलं होतं कौतुक होईल. एक मैत्रीण, माझ्याहून अनुभवी, थेट म्हणाली, “मी नसतं केलं.”

तिचं म्हणणं हलकं नव्हतं. आपल्याकडे कोर्टात गेलं तर मराठी पानावरच्या आडव्या-तिडव्या रेघेला सही कोण मानेल? मुलगा उद्या उलटला तर? आणि न्यूरोच्या सरांची सही असली तरी नोंदवहीतून नाव काढायची वेळ आली तर ते माझं काढतील, त्यांचं नाही. शिवाय तिचा खरा मुद्दा पुढे होता: “तुझ्या आबांना मावशी होत्या, सूनबाई होती, कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवणारी. माझ्याकडे येतात त्यांच्यात दिवसभर एकटा पडून असलेला म्हातारा असतो. त्याला मी कार्डं दाखवून ‘निवड’ म्हणू? दात कोण घासणार त्याचे?”

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता थोडं आहे: एकट्या माणसाचा धोका वेगळा मोजायचा, पण त्याला विचारायचंच नाही असं त्यातून निघत नाही. तिला ते पटलेलं नाही. फोनवर आमचं अजून चालू असतं.

पुढच्या बैठकीला तीच मांडणार आहे. तिच्याकडे येणाऱ्या, न बोलणाऱ्या एका मुलीने चित्रांच्या पाटीवर बोट ठेवून जे सांगितलं त्यावरून तिला शंका आलीये, आणि २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे अशी शंका पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवायचं की नाही हा प्रश्नच नाही, ते तिने त्याच दिवशी केलं. बैठकीत बोलायचंय ते पुढचं: त्या मुलीच्या पाटीवर त्या दिवशी जी चित्रं होती ती तिथे नसती तर तिने कशाने सांगितलं असतं, आणि आमच्यापैकी कुणाकुणाच्या पाट्यांवर ती आत्ता आहेत. प्रत्येकीने आपापली पाटी घेऊन यायचं ठरलंय.